बॅकअप रोज रात्री चालतो, पण पोचतो का?



आजचा विषय जरा तांत्रिक आहे. पण धंद्यात कॉम्प्युटर असेल तर तो तुमचाही आहे, फक्त कॉम्प्युटरवाल्याचा नाही. आधी एक प्रसंग सांगतो, कारण त्यात माझीही अर्धी चूक आहे.

आपल्या एका बॅचमधल्या ताई कृषी सेवा केंद्र चालवतात. खतं, बियाणं, औषधं, आणि त्यासोबत हंगामाची उधारी. मार्च महिन्यात त्यांचा सकाळी फोन आला. "सर, काउंटरचा कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये. हार्डडिस्क गेली म्हणतात. पण काळजी नाही, आपला बॅकअप आहे ना, रोज रात्रीचा!"

मीही निश्चिंत होतो. दुपारी आतल्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवरचं बॅकअपचं फोल्डर उघडलं. शेवटची फाइल होती दसऱ्याच्या आदल्या दिवसाची. म्हणजे जवळपास साडेपाच महिन्यांचा हिशोब गायब!

झालं होतं असं. दसऱ्याच्या आधी मी कार्यशाळेत सगळ्यांना सांगितलं होतं, "दुकान बंद करताना कॉम्प्युटर उघडा ठेवून जाऊ नका, साइन आउट करा." सल्ला बरोबर होता. ताईंनी तो ऐकला आणि सॉफ्टवेअरवाल्याकडून बॅकअपची सेटिंग बदलून घेतली, म्हणजे साइन आउट केल्यावरही तो चालेल. आणि तो चालत होताही! रोज रात्री साडेदहाला उठायचा, झेड ड्राइव्ह शोधायचा, सापडला नाही की स्वतःच्या लॉगमध्ये एक ओळ लिहायचा आणि झोपायचा. ती ओळ कुणी वाचलीच नाही. दिवसा ताई बघायच्या तेव्हा झेड ड्राइव्ह समोर दिसायचाच. मग शंका येणार कशी?

पुढचा जवळजवळ महिना दोन माणसं बिलबुकं घेऊन नोंदी करत बसली. ज्याची कागदावर नोंद नव्हती ती उधारी लोकांच्या तोंडी शब्दावर राहिली. काहींनी आठवणीने आणून दिली, काहींनी नाही.

साइन आउट करा हे मी सांगितलं, पण त्यानंतर बॅकअप कुणाच्या नावाने चालणार, हे सांगायचं राहिलं. ते आज सांगतो. मेन्यूतली इंग्रजी नावं मी मराठी अक्षरांत लिहितोय, स्क्रीनवर तीच इंग्रजीत दिसतील.

पडद्यामागे काम करणारा माणूस

तुम्ही बिल करता तेव्हा सॉफ्टवेअर तुमच्यासमोर, तुमच्या नावाने चालतं. पण काही सॉफ्टवेअर तुम्ही समोर नसतानाही चालतात. रात्रीचा बॅकअप, बिलिंगचा डेटाबेस, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, हजेरीच्या मशिनमधून नोंदी ओढणारा प्रोग्रॅम. विंडोजमध्ये यांना 'सर्व्हिस' म्हणतात. ठरलेल्या वेळी एकदाच चालून थांबणारं काम असेल तर त्याला 'शेड्यूल्ड टास्क' म्हणतात.

आता हे लक्षात घ्या की विंडोजमध्ये बिननावाचं काहीच चालत नाही. प्रत्येक प्रोग्रॅम कुणाच्या तरी नावाने, म्हणजे कुठल्या तरी अकाउंटखाली चालतो. बिलिंग तुमच्या नावाने चालतं. मग तुम्ही साइन आउट केल्यावर रात्री साडेदहाला बॅकअप कुणाच्या नावाने चालतो?

हा प्रश्न बहुतेक दुकानांत कुणी विचारलेलाच नसतो. बरेचदा उत्तर असतं 'लोकल सिस्टिम'. हे विंडोजचं स्वतःचं अंतर्गत अकाउंट आहे. आपल्या कॉम्प्युटरवर त्याला भरपूर अधिकार असतात, जवळजवळ घरच्या मालकासारखे. पण शेजारच्या कॉम्प्युटरच्या दारात गेलं की त्याला कुणी ओळखत नाही. मोठ्या कंपनीत सगळे कॉम्प्युटर एका 'डोमेन'मध्ये बांधलेले असतात, तिथे निदान कॉम्प्युटरची स्वतःची ओळख चालते. आपल्या दुकानात दोन-चार सुटे कॉम्प्युटर असतात, म्हणजे 'वर्कग्रुप'. तिथे लोकल सिस्टिमला दुसऱ्या कॉम्प्युटरवर उभं करून घेणारं कुणी नसतं.

झेड ड्राइव्ह म्हणजे घरातलं लाडाचं नाव

दुसरी गोष्ट आहे पत्त्याची. घरात एखाद्याला आपण 'बाळू' म्हणतो. घरातल्या सगळ्यांना बाळू कोण ते माहीत असतं. पण पोस्टमनला बाळू सांगून चालेल का? त्याला पूर्ण नाव लागतं, घर नंबर लागतो, गाव लागतं.

झेड ड्राइव्ह हा तसाच बाळू आहे. तुम्ही साइन इन करता तेव्हा विंडोज तुमच्यापुरतं ठरवतं की झेड म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं अमुक फोल्डर. ही जोडणी फक्त तुमच्या साइन इनपुरती असते. सर्व्हिस दुसऱ्या नावाने, वेगळ्या सत्रात चालते. विंडोज व्हिस्टापासून तर सगळ्या सर्व्हिस माणसांच्या सत्रापासून वेगळ्या, 'सेशन झिरो'मध्ये चालतात. तिथे तुमचा झेड नसतो. म्हणून तुम्हाला समोर दिसणारा ड्राइव्ह बॅकअपला दिसत नाही.

पूर्ण पत्ता असा लिहायचा: दोन उलट्या तिरप्या रेघा, कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी तिरपी रेघ, शेअर केलेल्या फोल्डरचं नाव.

\\ऑफिस\बॅकअप

(तुमच्या कॉम्प्युटरवर ही नावं इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा.) हा पत्ता कुणीही, कधीही, साइन इन असो वा नसो, वाचू शकतो.

म्हणजे बॅकअपला तीन गोष्टी लागतात: स्वतःचं नाव, एकाच खोलीची चावी आणि पूर्ण पत्ता. या तीन गोष्टी कशा द्यायच्या ते आता बघूया.

करायचं कसं? पायरीपायरीने

धरून चाला की दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत. 'काउंटर'वर बिलिंग चालतं आणि 'ऑफिस'वर बॅकअप ठेवायचा आहे. दोन्हींवर विंडोज १० किंवा ११ आहे. ॲडमिनचा पासवर्ड हाताशी ठेवा.

पायरी १: दोन्ही कॉम्प्युटरवर एकाच नावाचं अकाउंट

सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, ॲड अकाउंट. विंडोज मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागेल. तो द्यायचा नाही. 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' आणि पुढच्या पानावर 'ॲड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट' हे पर्याय निवडा. नाव द्या, समजा 'बॅकअपसेवा'. लांब पासवर्ड द्या. अकाउंटचा प्रकार 'स्टँडर्ड' ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटर नको.

हेच नाव आणि अगदी हाच पासवर्ड ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही द्या. सुट्या कॉम्प्युटरांमध्ये ओळख पटते ती अशी: काउंटरवरून आलेला 'बॅकअपसेवा' ऑफिसच्या दारात नाव आणि पासवर्ड सांगतो, आणि ऑफिस स्वतःच्या यादीत तेच नाव, तोच पासवर्ड आहे का ते बघतं. जुळलं तर आत, नाही तर बाहेर.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, पासवर्ड रिकामा ठेवणं. रिकाम्या पासवर्डच्या अकाउंटला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, ही त्याची मूळ सेटिंग आहे. दुसरी चूक, पिन हाच पासवर्ड समजणं. चार आकडी पिन फक्त त्याच कॉम्प्युटरसमोर बसून चालतो. नेटवर्कवर पासवर्डच लागतो.

पायरी २: पासवर्डची मुदत बघा

विंडोजच्या पासवर्ड धोरणात जास्तीत जास्त मुदतीचा मूळ आकडा ४२ दिवसांचा आहे. सगळ्याच अकाउंटना ती मुदत लागू असते असं नाही, पण लागू असेल तर दीड महिन्याने बॅकअप गुपचूप बंद पडतो. कारण 'पासवर्ड बदला' ही सूचना बघायला त्या अकाउंटमध्ये कुणी बसलेलंच नसतं.

विंडोज प्रो असेल तर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये लोकल यूजर्स अँड ग्रुप्स उघडा, अकाउंटवर डबल क्लिक करा आणि 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स'वर टिक करा. होम आवृत्तीत ही खिडकी नसते. तिथे कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूजर' लिहून पुढे अकाउंटचं नाव द्या. 'पासवर्ड एक्स्पायर्स' या ओळीसमोर 'नेव्हर' असेल तर ठीक. तारीख असेल तर तुमच्या हार्डवेअरवाल्याला पॉवरशेलमधून ती काढायला सांगा, एका ओळीचं काम आहे.

मुदत काढली म्हणजे पासवर्ड कायमचा तोच ठेवायचा असं नाही. वर्षातून एकदा, समजा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, आपण होऊन दोन्हीकडे बदला. जिथे जिथे तो भरला आहे त्या जागांची यादी वहीत असू द्या.

पायरी ३: ऑफिसवर फोल्डर शेअर करा

समजा डी ड्राइव्हवर 'बॅकअप' नावाचं फोल्डर केलं. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग, 'शेअर धिस फोल्डर'. मग परमिशन्स. तिथे यादीत 'एव्हरीवन' असतं. ते काढा आणि 'बॅकअपसेवा' घाला. त्याला 'चेंज' आणि 'रीड' द्या.

एवढ्यावर थांबू नका. त्याच प्रॉपर्टीजमध्ये 'सिक्युरिटी' टॅब आहे. तिथेही 'बॅकअपसेवा'ला 'मॉडिफाय'चा हक्क द्या.

दोनदा का? कारण दारं दोन आहेत. शेअरिंग हे सोसायटीचं गेट आहे आणि सिक्युरिटी हा फ्लॅटचा दरवाजा. गेटवर सोडलं आणि दार बंद असलं तरी परत यावं लागतं. दोन्हींपैकी जो कडक, त्याचं चालतं.

पायरी ४: ऑफिसचा कॉम्प्युटर रात्री जागा आहे का?

हास्यास्पद वाटेल, पण बॅकअप साडेदहाचा आणि ऑफिसचा कॉम्प्युटर साडेनऊला झोपलेला, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' ठेवा, 'पब्लिक' असेल तर विंडोज शेअरिंग अडवतं. पत्त्यात आयपी आकडे लिहायचे असतील तर आधी राउटरमध्ये तो आकडा त्या कॉम्प्युटरसाठी राखून ठेवा. नाहीतर वीज जाऊन आली की आकडा बदलायचा आणि पत्ता चुकायचा.

पायरी ५: त्याच्याच नावाने हाताने तपासा

काउंटरवर एकदा 'बॅकअपसेवा' म्हणून साइन इन करा. विंडोजचं बटण आणि आर दाबा, पूर्ण पत्ता लिहा, एंटर. फोल्डर पासवर्ड न विचारता उघडलं पाहिजे. आत एक रिकामी टेक्स्ट फाइल बनवा आणि ती पुसा. दोन्ही जमलं की साइन आउट.

ही पायरी गाळू नका. ताईंच्या दुकानात 'चालतंय' हे ताईंच्या नावाने तपासलं होतं. चालवायचं होतं दुसऱ्याच्या नावाने.

पायरी ६ (अ): सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून चालत असेल तर

स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा. तुमच्या बॅकअप सॉफ्टवेअरची ओळ सापडली की प्रॉपर्टीज, 'लॉग ऑन' टॅब, 'धिस अकाउंट'. नावाच्या आधी एक टिंब आणि उलटी तिरपी रेघ द्या: .\बॅकअपसेवा. टिंबाचा अर्थ 'याच कॉम्प्युटरवरचं अकाउंट'. पासवर्ड दोनदा भरा. या अकाउंटला 'लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस' हा हक्क दिला, असा निरोप येईल. तो येणं चांगलं. आता सर्व्हिस रीस्टार्ट करा.

मग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जिथे झेड लिहिलंय तिथे पूर्ण पत्ता लिहा. सॉफ्टवेअरला स्वतःचा डेटा वाचायचा आणि स्वतःचा लॉग लिहायचा असतो, म्हणून काउंटरवरच्या त्या फोल्डरांवरही 'बॅकअपसेवा'ला हक्क द्या.

दोन गोष्टींची काळजी घ्या. विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसना हात लावू नका. आणि बिलिंगच्या मागे एसक्यूएल सर्व्हर असेल तर त्याचं अकाउंट या खिडकीतून बदलू नका. त्यासाठी एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर असतो. पण लहान दुकानाला तेही करायची गरज नाही. डेटाबेसला बॅकअप काउंटरच्याच डिस्कवर काढू द्या आणि तिथून ऑफिसवर नेण्याचं काम शेड्यूल्ड टास्कला द्या. हा दोन टप्प्यांचा मार्ग मला जास्त आवडतो, कारण बिघडलं तर कुठल्या टप्प्यावर बिघडलं ते लगेच कळतं.

पायरी ६ (ब): शेड्यूल्ड टास्क असेल तर

टास्क शेड्यूलर उघडा, 'क्रिएट टास्क'. 'चेंज यूजर ऑर ग्रुप'मधून 'बॅकअपसेवा' निवडा. 'रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' निवडा. त्याच्याखाली एक छोटा चौकोन आहे: 'डू नॉट स्टोअर पासवर्ड'. त्यावर टिक करू नका! ती टिक असेल तर टास्कला फक्त त्याच कॉम्प्युटरवरच्या गोष्टी मिळतात, नेटवर्कवरच्या नाही. विंडोज हे त्या ओळीतच सांगतं, पण आपण ती ओळ शेवटपर्यंत वाचत नाही.

'कंडिशन्स' टॅबमध्ये 'कॉम्प्युटर एसी पॉवरवर असेल तरच चालव' ही टिक आधीपासून असते. काउंटरवर लॅपटॉप असेल आणि चार्जर काढून ठेवत असाल तर टास्क सुरूच होणार नाही. 'सेटिंग्ज' टॅबमध्ये 'वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव' या अर्थाचा पर्याय आहे, तो चालू करा. आपल्याकडे वीज जाते, हे विंडोजला कुणीतरी सांगायला हवं.

नकलेसाठी विंडोजमधलीच 'रोबोकॉपी' ही आज्ञा पुरते. फक्त तिचा 'मिरर' पर्याय विचार करून वापरा. तो मूळ जागी पुसलेली फाइल बॅकअपमधूनही पुसतो. त्यापेक्षा वारांची सात फोल्डरं करा, सोमवारचा बॅकअप सोमवारमध्ये, मंगळवारचा मंगळवारमध्ये. आज डेटा बिघडला तरी कालची आणि परवाची प्रत शाबूत राहते. आणि नक्कल करताना बिलिंग सॉफ्टवेअर बंद असू द्या. उघड्या डेटाची प्रत अर्धवट निघू शकते.

अडलं तर आकडा वाचा

काही चुकलं की विंडोज किंवा सॉफ्टवेअर एक आकडा देतं. तो आकडा म्हणजे अर्धं उत्तर असतं.

- १०६९: सर्व्हिसला साइन इनच करता आलं नाही. पासवर्ड बदलला, त्याची मुदत संपली किंवा चुकीचा भरला.
- १३२६: नाव किंवा पासवर्ड चुकला. दोन्ही कॉम्प्युटरवरचे पासवर्ड सारखे आहेत का बघा.
- ५: ओळख पटली, पण हक्क नाही. गेट आणि दार, दोन्ही तपासा.
- ५३: पत्ता सापडला नाही. ऑफिसचा कॉम्प्युटर बंद आहे, झोपलाय, नाव चुकलंय किंवा फायरवॉल अडवतंय.
- ३: मार्ग सापडला नाही. बहुतेक वेळा कुठेतरी अजून झेड लिहिलेला असतो.
- १२१९: एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी त्याच कॉम्प्युटरशी जोडणी झालीय. जुनी जोडणी तोडा.

एक फसवा आकडा लक्षात ठेवा. टास्क शेड्यूलरमध्ये 'लास्ट रन रिझल्ट'समोर शून्य म्हणजे ठीक. पण रोबोकॉपी थेट चालवली असेल तर तिथे १ आला तरी घाबरू नका. तिच्या हिशोबात १ म्हणजे फाइली नेल्या, ० म्हणजे नेण्यासारखं नवीन काही नव्हतं. ८ किंवा जास्त आला तरच गडबड. आता विचार करा: रोज विक्री होते आणि रोबोकॉपी रोज ० सांगते, तर ती बहुधा चुकीचं फोल्डर बघतेय.

"सर, सरळ ॲडमिनचंच नाव देऊ ना!"

हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो. ॲडमिनचं नाव दिलं की सगळं एका झटक्यात चालतं, मग एवढा खटाटोप कशाला?

गोदामातून पोती आणायला नवीन पोऱ्याला पाठवताना आपण त्याला घर, तिजोरी आणि गोदाम अशा सगळ्या चाव्यांचा जुडगा देतो का? गोदामाची एकच चावी देतो. तो पोऱ्या चोर आहे म्हणून नाही, तर त्याच्या हातून जुडगा हरवला तर काय, म्हणून.

याचं मोठं उदाहरण आपल्या दारातच घडलंय. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचं काम त्याने ठप्प केलं आणि त्याचा फटका नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनललाही बसला. हा व्हायरस एका कॉम्प्युटरच्या मेमरीतून ॲडमिनची नावं-पासवर्ड उचलायचा आणि तीच चावी पुढच्या कॉम्प्युटरला लावायचा. एका जुडग्याने सगळी दारं उघडत गेली. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या सगळ्या नेटवर्कच्या ओळखी सांभाळणारे जवळपास १५० सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, आणि सगळे एकदमच पुसले गेले. वाचला फक्त घानामधला एक. का? तिथे वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता.

यातून आपल्या दुकानासाठी तीन नियम निघतात.

पहिला, बॅकअपच्या फोल्डरात नेटवर्कवरून लिहिण्याचा हक्क फक्त 'बॅकअपसेवा'ला. तुमच्या रोजच्या अकाउंटलाही नाही. तुम्ही चुकून एखादी वाईट फाइल उघडली आणि खंडणीचा व्हायरस आला, तर तो तुमच्या नावाने चालतो आणि तुम्हाला जिथे जिथे लिहिता येतं ते सगळं कुलूपबंद करतो. उघडा झेड ड्राइव्ह त्याला आयताच मिळतो. म्हणून काम झालं की काउंटरवरचा झेड काढून टाका.

दुसरा, एक प्रत अशी ठेवा जी कुठेच जोडलेली नाही. आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्डडिस्कवर प्रत घ्या, केबल काढा, डिस्क घरी न्या. घानाला वीज गेल्यामुळे जे योगायोगाने मिळालं ते आपण ठरवून मिळवायचं.

तिसरा, शेअरिंग चालत नाही म्हणून कुणी 'एसएमबी १ चालू करा' म्हणालं तर नाही म्हणा. मे २०१७ मधला 'वॉनाक्राय' याच जुन्या दारातून घुसला होता. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण खूप जणांनी ती बसवली नव्हती. असंच पासवर्डशिवायच्या 'गेस्ट' शेअरचं. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून असं शेअर मूळ सेटिंगमध्ये उघडतच नाही. अपडेटनंतर जुन्या नेटवर्क डिस्कवरचा बॅकअप अचानक थांबला असेल तर हे कारण आधी तपासा. उपाय साधा आहे: त्या डिस्कवरही 'बॅकअपसेवा' नावाचं अकाउंट करा.

पुढे कॉम्प्युटर वाढले, डोमेन आलं, तर विंडोज सर्व्हरमध्ये सर्व्हिससाठी खास अकाउंट मिळतात. त्यांचा पासवर्ड सर्व्हर स्वतः बदलतो, आपल्याला लक्षात ठेवावा लागत नाही. पण दोन-चार कॉम्प्युटरसाठी आजची पद्धत पुरेशी आहे.

हे धंद्याचं काम आहे

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची वह्या-कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. सहा वर्षं! हार्डडिस्क तेवढी टिकेल याची हमी तिची कंपनीसुद्धा देत नाही. नोटीस आली तर 'डिस्क उडाली' हे कारण आपल्याला आधार देत नाही.

म्हणून महिन्यातून एक दिवस ठरवा. ताईंनी अमावास्या ठरवलीय, कारण त्यांच्या बाजारपेठेत त्या दिवशी गिऱ्हाईक कमी असतं. त्या दिवशी त्या तीनच गोष्टी करतात. बॅकअपच्या फोल्डरात कालच्या तारखेची फाइल आहे का बघतात. तिचा आकार मागच्या महिन्यापेक्षा थोडा वाढलाय का बघतात. आणि ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून कुठल्याही एका शेतकऱ्याची उधारी बिलबुकाशी जुळवून बघतात. जुळली तर बॅकअप आहे. नुसती फाइल दिसते म्हणून बॅकअप आहे असं आता त्या म्हणत नाहीत, आणि मीही म्हणत नाही.

आजचं काम

हे वाचून झालं की लगेच एक कागद घ्या आणि चार ओळी लिहा. माझा बॅकअप कुठल्या अकाउंटखाली चालतो? तो कुठल्या पत्त्यावर जातो, झेडवर की पूर्ण पत्त्यावर? शेवटची फाइल कुठल्या तारखेची आहे? ती शेवटची उघडून कधी बघितली?

चारही उत्तरं आली तर उत्तम. एक जरी अडलं तर आज दुकान बंद करण्याआधी तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन करा, आणि "बॅकअप चालू आहे का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर 'हो' असंच येतं. विचारा, "मी साइन आउट केल्यावर तो कुणाच्या नावाने, कुठल्या पत्त्यावर जातो?"

या सगळ्या पायऱ्या स्क्रीनवर बघायच्या असतील तर सोबतचा व्हिडिओ लावा आणि पायरीपायरीला थांबवत करा. भेटू पुढच्या भागात. धंदा वाढवा, आणि त्याचा हिशोब जपा!